पोत्यावरची बेसिसिटी आणि मोल्डमधली उष्णता: मोल्ड स्लॅगची रचना वाचून उष्णतावहन कसे सांभाळावे

कंटिन्युअस कास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेले पोलाद तांब्याच्या साच्यातून (मोल्डमधून) सलग ओढत गोठवण्याच्या पद्धतीत, गोठत जाणारे पोलाद आणि पाण्याने गार होणारे तांबे यांच्यामध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा पडदा असतो. पोलादाच्या पृष्ठभागावर टाकलेली मोल्ड पावडर वितळते, कडेच्या फटीतून खाली झिरपते आणि हा पडदा तयार होतो. शेल, म्हणजे पोलादाचे गोठलेले बाहेरचे कवच, किती जाड धरेल, ते सगळीकडे सारखे धरेल की नाही, स्लॅबवर (जाड, चपट्या ओतीव पट्टीवर) उभी भेग उमटेल की शेल तांब्याला चिकटून फाटेल आणि आतले द्रव पोलाद बाहेर सांडेल (ब्रेकआउट), यातले बरेच काही या पडद्याच्या हातात असते. तरीही पावडर निवडताना बहुतेक ठिकाणी ‘मागच्या वेळी चालली होती ना, मग तीच मागवा’ एवढाच विचार होतो.

इथे ‘स्लॅग’ म्हणजे मोल्डमध्ये वितळलेली हीच पावडर. लॅडलमधली (पोलाद आणणाऱ्या भांड्यातली) किंवा टंडिशवरची (मोल्डच्या वरच्या वाटप-भांड्यातली) धातुमळी हा वेगळा विषय आहे, तिचा इथे संबंध नाही. स्लॅब किंवा ब्लूम (जाड चौकोनी ठोकळा) कास्टरवर प्रोसेस सांभाळणाऱ्यांना आणि धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून हे लिहिले आहे. मोल्डमध्ये पावडरऐवजी तेल वापरणाऱ्या छोट्या बिलेट (बारीक चौकोनी दांडा) कास्टरना यातले फारसे लागू पडणार नाही.

आधी पडदा कसा असतो ते पाहू

पडद्याचा छेद घेतला तर तांब्याच्या बाजूला काचेसारखा थर दिसतो. तिथे स्लॅग इतक्या झटकन गार झाली की स्फटिक व्हायला वेळच मिळाला नाही. मध्ये दुधी, दाणेदार स्फटिकी थर असतो. पोलादाच्या बाजूला द्रव थर असतो, तोही मोल्डच्या वरच्या भागात, आणि जाडी साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर. वंगणाचे काम हा द्रव थर करतो. उष्णता अडवण्याचे काम मात्र मुख्यतः घन भाग आणि तांब्याशी असलेला त्याचा स्पर्श यांचे असते.

नवशिक्याची गल्लत इथेच होते. रचना बदलली की स्लॅगची उष्णतावाहकता बदलते आणि म्हणून उष्णतावहन बदलते, असे त्याला वाटते. पण काचेची आणि स्फटिकाची वाहकता दोन्ही ढोबळमानाने १ ते २ वॅट प्रति मीटर-केल्विन याच टप्प्यात असतात. उलट स्फटिकाची थोडी जास्तच भरते. मग स्फटिकी स्लॅग उष्णता जास्त का अडवते? कारणे तीन आहेत.

पहिले आणि सर्वात मोठे कारण आकुंचनाचे. स्फटिक काचेपेक्षा दाट असतात, त्यामुळे थर स्फटिकी होताना आकसतो. तांब्याकडचा त्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मध्ये हवेचे सूक्ष्म खिसे अडकतात. घासून गुळगुळीत केलेली फरशी आणि कच्ची फरशी यांच्यावर पत्रा ठेवला तर तो किती ठिकाणी टेकेल, तसेच हे. दुसरे कारण प्रारणाचे. काच इन्फ्रारेड किरण बऱ्यापैकी आरपार जाऊ देते, स्फटिकांचे दाणे त्यांना विखुरतात आणि मागे फिरवतात. तिसरे कारण जाडीचे. जी स्लॅग वरच्या तापमानालाच घट्ट होते, तिचा घन थर जाड बसतो.

एक अंदाजी हिशेब करून पाहा. घन थर १ मिलिमीटर आणि वाहकता १.२ धरली तर त्याचा उष्णतारोध ८.३ × १०⁻⁴ चौरस मीटर-केल्विन प्रति वॅट. द्रव थर ०.१५ मिलिमीटर आणि परिणामी वाहकता २ धरली तर ०.७५ × १०⁻⁴. तांब्याशी असलेल्या स्पर्शाचा रोध ४ × १०⁻⁴ धरू. बेरीज सुमारे १३ × १०⁻⁴. शेलचा पृष्ठभाग आणि तांब्याचा तापलेला चेहरा यांच्यात १२०० अंशांचा फरक मानला, तर उष्णताप्रवाह ०.९२ मेगावॅट प्रति चौरस मीटर येतो. आता बाकी काही न बदलता फक्त स्पर्शाचा रोध निम्मा करा. प्रवाह १.०८ होतो, म्हणजे सुमारे १८ टक्के वाढ. यात काचेतून आरपार जाणारे प्रारण धरलेले नाही. ते धरले तर काचेचा आणि स्फटिकाचा फरक आणखी रुंदावतो. थोडक्यात, आपण रचनेतून वाहकता बदलत नसतो. स्लॅग किती आणि कोणत्या तापमानाला स्फटिकी होईल, हे बदलत असतो.

पायरी १: आपल्या ग्रेडला काय हवे ते ठरवा

पावडरचा कागद हातात घेण्याआधी पोलादाचा कार्बन पाहा. कार्बन साधारण ०.०९ ते ०.१७ टक्के असलेले पेरिटेक्टिक ग्रेड सर्वात नाजूक. गोठता गोठता त्यांच्यात डेल्टा लोहाचे ऑस्टेनाइट होते, म्हणजे लोहाची स्फटिकरचना बदलते, शेल एकदम आकसते आणि तांब्यापासून जागोजागी सुटते. ज्या जागी सुटले तिथे शेल पातळ राहते, आणि त्याच जागी उभी भेग पडते. अशा ग्रेडला मेनिस्कसजवळ (मोल्डमधल्या द्रव पोलादाच्या वरच्या पातळीजवळ) सौम्य आणि सगळीकडे सारखे गार करणे मानवते. म्हणजे स्फटिकी, उष्णता अडवणारी स्लॅग हवी. सुरुवातीचे शेल पातळ राहिले की आकसण्याचा ताण कमी येतो आणि ते आतल्या द्रवाच्या दाबाने तांब्याला टेकून राहते. हे ग्रेड चिकटण्याच्या बाबतीत त्यामानाने कमी कटकटीचे असतात. म्हणून वंगणात थोडी तडजोड परवडते.

उच्च कार्बनचे पोलाद, म्हणजे ०.४ टक्क्यांच्या वरचे, याच्या अगदी उलट. त्याचे शेल गोठण्याच्या सुरुवातीला कमजोर असते, चिकटले की फाटते. इथे द्रव थर जाड हवा आणि खालपर्यंत टिकायला हवा. स्लॅग काचेकडे झुकणारी आणि कमी तापमानापर्यंत द्रव राहणारी हवी. अति-कमी कार्बनच्या ग्रेडचा कलही वंगणाकडेच असतो, शिवाय तिथे पावडरमधला मोकळा कार्बन पोलादात जाऊ नये ही वेगळी काळजी घ्यावी लागते.

भेगांसाठी उष्णता कमी करायला जावे तर वंगण कमी होते, आणि वंगण वाढवायला जावे तर उष्णता वाढते. दोन्हीकडे सगळे मिळेल अशी पावडर विकणारा भेटला तर त्याला आपल्या सर्वात त्रासदायक ग्रेडवरचा चाचणीचा डेटा मागा.

पायरी २: बेसिसिटी नीट काढा, कारण दोन कागदांवरची बेसिसिटी सारखी नसते

पावडरच्या कागदावर साधारण असे घटक दिसतात: कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे चुना २५ ते ४५ टक्के, सिलिका २० ते ५०, ॲल्युमिना १० पर्यंत, सोडियम ऑक्साइड १ ते २०, फ्लोरीन ४ ते १०, थोडा मॅग्नेशिया, कधी लिथियम ऑक्साइड, आणि मोकळा कार्बन. यातले चुना आणि सिलिका यांचे गुणोत्तर म्हणजे बेसिसिटी. उष्णतावहनाचा अंदाज बांधायला सर्वात आधी हाच आकडा बघायचा.

सिलिका स्लॅगमध्ये लांब साखळ्यांचे जाळे विणते. जाळे दाट असेल तर स्लॅग घट्टसर वाहते आणि गार होताना काच होते. चुना हे जाळे तोडतो. तोडलेल्या तुकड्यांना रांगेत बसायला सोपे जाते, आणि फ्लोरीन हाताशी असेल तर कस्पिडाइन नावाचे स्फटिक पटापट तयार होतात. कस्पिडाइन म्हणजे कॅल्शियम, सिलिका आणि फ्लोरीन यांचे संयुग. बहुतेक नेहमीच्या मोल्ड स्लॅगमध्ये उष्णता अडवण्याचे काम तेच करते. बेसिसिटी ०.८ ते १.० असेल तर स्लॅग काचेकडे झुकते, १.२ च्या पुढे कस्पिडाइन जोर धरू लागते, आणि पेरिटेक्टिक ग्रेडसाठी १.२ ते १.५ पर्यंतच्या पावडरी सर्रास वापरतात. त्याहून जास्त बेसिसिटीच्याही पावडरी निघाल्या आहेत. त्यांत श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) कमी ठेवून वंगण राखायचे आणि घन थर मात्र लवकर स्फटिकी होऊ द्यायचा, अशी युक्ती असते.

फसायला होते ते पुढे. प्रयोगशाळेतले क्ष-किरण यंत्र कॅल्शियम किती एवढेच मोजते, ते कशाशी बांधलेले आहे हे नाही, आणि सगळे कॅल्शियम चुन्याच्या रूपात दाखवते. पण त्यातले बरेच कॅल्शियम फ्लोरस्पारमधून (कॅल्शियम फ्लोराइडच्या खनिजातून) आलेले, फ्लोरीनशी बांधलेले असते. समजा, कागदावर एकूण चुना ३८ टक्के, सिलिका ३१ आणि फ्लोरीन ८ आहे. सरळ भागाकार केला तर बेसिसिटी १.२३ येते. आता सगळा फ्लोरीन कॅल्शियमशीच बांधला आहे असे धरा. ८ ला १.४७ ने गुणले की ११.८ टक्के चुना त्यात अडकला. उरला २६.२. भागिले ३१, म्हणजे ०.८५. पावडर तीच, आकडे दोन, आणि दोन्ही बरोबर. एका पुरवठादाराचा आकडा पहिल्या पद्धतीचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर तुलना निरर्थक ठरते. म्हणून कागदावरचे गुणोत्तर तसेच उतरवून घेऊ नका. कच्चे टक्के मागा, भागाकार स्वतः करा, आणि सगळ्या पावडरींसाठी एकच पद्धत ठेवा. मी एकूण चुन्याची पद्धत वापरतो, पण शेजारी फ्लोरीनचा आकडा लिहिल्याशिवाय नाही.

पायरी ३: उरलेल्या घटकांकडे वळा

सोडियम ऑक्साइड स्लॅगला पातळ करते आणि वितळबिंदू खाली आणते. प्रमाण वाढले की ते स्फटिकीभवनाला मदतही करते, विशेषतः ॲल्युमिना सोबत असेल तर नेफेलिनसारखे सोडियमचे स्फटिक दिसू लागतात. लिथियम ऑक्साइड हेच काम फार थोड्या प्रमाणात करते. एक-दोन टक्क्यांतच फरक जाणवतो, पण ते महाग असते. मॅग्नेशिया मर्यादेत असेल तर स्लॅग गोठण्याचे तापमान खाली ओढते आणि कस्पिडाइनला उशीर करते. बोरॉन ऑक्साइड काच करणारे आहे, ते घातले की स्लॅग पातळ राहते आणि स्फटिक मागे हटतात.

ॲल्युमिना नेहमीच्या प्रमाणात श्यानता वाढवते आणि स्फटिकांना आवर घालते. लोखंड आणि मँगनीज यांची ऑक्साइडे काचेला गडद करतात, त्यामुळे इन्फ्रारेड शोषले जाते आणि प्रारणाने होणारे वहन घटते. काचेसारखी स्लॅग वापरत असाल तर हा छोटासा लाभ ध्यानात ठेवा, पण त्याच्या भरवशावर निवड करू नका.

फ्लोरीनबद्दल दोन शब्द जास्त. तो स्लॅग पातळ करतो आणि कस्पिडाइनचा कच्चा मालही तोच पुरवतो, म्हणून उष्णतावहनात त्याची भूमिका दुहेरी आहे. पण तो सेकंडरी कूलिंगच्या, म्हणजे मोल्डखाली स्लॅबवर फवारल्या जाणाऱ्या, पाण्यात उतरतो, पाणी आम्लधर्मी करतो आणि रोल, पाइप, फ्रेम खातो. फ्लोरीनविरहित पावडरी बनवण्याची धडपड याच कारणाने चालू आहे. अडचण अशी की फ्लोरीन काढला की पातळपणा बोरॉन किंवा सोडियमने भरून काढता येतो, मात्र कस्पिडाइनइतका भरवशाचा स्फटिक सहज मिळत नाही. म्हणजे वंगणाची सोय होते, उष्णता अडवण्याची होत नाही.

मोकळा कार्बन मात्र या यादीत बसत नाही. तो पावडर किती वेगाने वितळेल हे ठरवतो, आणि वितळताना जळून जातो. पडद्यापर्यंत तो पोचतच नाही. कार्बन जास्त म्हणून उष्णता कमी, असे कोणी म्हणाले तर त्याला द्रव तळ्याची, म्हणजे पोलादावर साचलेल्या वितळलेल्या स्लॅगची, खोली विचारा. तळे उथळ पडले असेल तर झिरपण कमी होते आणि उष्णतावहन विस्कळीत होते. एवढाच काय तो कार्बनचा संबंध.

पायरी ४: गोठण्याचे तापमान आणि श्यानता, वेगासोबत

रचनेतून दोन गुण निघतात आणि ते कागदावर असायलाच हवेत. पहिला म्हणजे ब्रेक तापमान. स्लॅग गार होत असताना या तापमानाखाली तिची श्यानता एकदम चढते. नेहमीच्या पावडरीत ते साधारण १००० ते १२५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. ते जितके वर, तितका घन थर जाड आणि उष्णता कमी. जितके खाली, तितका द्रव थर जाड आणि वंगण चांगले. उच्च बेसिसिटीच्या स्लॅगमध्ये हा चढ तीव्र असतो, कारण तिथे स्फटिक धरू लागलेले असतात. अगदी काचेसारख्या स्लॅगमध्ये तो सौम्य असतो, कधी नीट सापडतही नाही. त्यामुळे असा आकडा कागदावर ठळक छापलेला दिसला तर तो कसा मोजला हे विचारावे.

दुसरा गुण १३०० अंशांना मोजलेली श्यानता. ती एकटी बघू नये, कास्टिंगच्या वेगाने गुणून बघावी. स्लॅब कास्टिंगसाठी एक जुना उपयोगी ठोकताळा आहे: पॉइजमधली श्यानता गुणिले मीटर प्रति मिनिट वेग, हा गुणाकार १ ते ३.५ च्या दरम्यान असला की झिरपण आणि मोल्डचे तापमान दोन्ही स्थिर राहतात. वेग १.२ आणि श्यानता १.५ पॉइज असेल तर गुणाकार १.८, चांगला. तीच पावडर घेऊन वेग २.५ वर नेला तर ३.७५. पावडर बदलायची वेळ आली.

प्रयोगशाळा दूर असेल तर घरच्या घरी एक चाचणी करता येते. पावडरमधला मोकळा कार्बन आधी जाळून टाका, उरलेली पावडर ग्रॅफाइटच्या मुशीत १३०० अंशांना वितळवा आणि पोलादी साच्यात ओता. गोळा फोडून छेद बघा. चकचकीत भाग काच, दुधी भाग स्फटिक. हा छेद मोल्डमधल्या पडद्याची हुबेहूब नक्कल नव्हे. पण दोन पावडरी एकाच पद्धतीने ओतल्या तर कोणती जास्त स्फटिकी हे दहा मिनिटांत कळते, आणि एकाच पावडरीच्या दोन लॉटमधला फरकही लपत नाही. ओतताना वाफेपासून जपा, साचा कोरडा आणि कोमट असू द्या, आणि फ्लोराइडच्या धुरापासून दूर, चालू हूडखालीच काम करा.

पायरी ५: बदलाआधी उष्णताप्रवाह मोजा

ही पायरी लोक टाळतात, आणि मग चाचणी संपल्यावर काय सुधारले यावर नुसती भांडणे होतात. हिशेब साधा आहे: पाण्याचा प्रवाह, पाण्याची विशिष्ट उष्णता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक यांचा गुणाकार करा, आणि त्याला पोलाद टेकलेल्या क्षेत्रफळाने भागा. समजा, रुंद बाजूला मिनिटाला ४००० लिटर पाणी आहे, म्हणजे सेकंदाला ६६.७ किलो. फरक ६ अंश. ६६.७ × ४.१८ × ६ म्हणजे १६७२ किलोवॅट. स्लॅबची रुंदी १.५ मीटर, मेनिस्कसखालची मोल्डची लांबी ०.८ मीटर, क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर. सरासरी उष्णताप्रवाह १.३९ मेगावॅट प्रति चौरस मीटर. स्लॅब कास्टिंगमध्ये ही सरासरी बहुधा १ ते २ च्या दरम्यान येते. मेनिस्कसच्या जरा खाली मात्र स्थानिक प्रवाह याच्या दुप्पट किंवा जास्तही असू शकतो.

आता त्या ६ अंशांकडे पुन्हा बघा. तापमापकात अर्ध्या अंशाची चूक असेल तर उत्तर ८ टक्क्यांनी चुकते. पावडर बदलून आपल्याला दिसणारा फरक कित्येकदा एवढाच असतो. एका कारखान्यात आम्ही दोन आठवडे नव्या पावडरीला ‘उष्णता कमी करणारी’ म्हणून नावाजत होतो. नंतर लक्षात आले की दुरुस्तीत बदललेला बाहेर पडणाऱ्या पाण्याचा तापमापक ०.४ अंश कमी दाखवत होता. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: चाचणीच्या आदल्या दिवशी दोन्ही तापमापक एकाच पाण्यात बुडवायचे.

निदान पाच-सहा हीटचा (एक हीट म्हणजे एका लॅडलभर पोलादाचा घाणा) आधीचा डेटा ठेवा. ग्रेड, रुंदी आणि वेग सारखा असलेल्याच हीट घ्या, कारण वेग वाढला की उष्णताप्रवाह ढोबळमानाने वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. अरुंद बाजूचा उष्णताप्रवाह वेगळा काढा आणि रुंद बाजूशी त्याचे गुणोत्तर लिहा. ते एकाएकी हलले तर संशय आधी टेपरवर (मोल्डच्या खाली निमुळते होण्यावर) घ्यावा, स्लॅगवर नंतर. मोल्डमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारे संवेदक) असतील तर सरासरीपेक्षा त्यांची थरथर जास्त बोलकी असते. पेरिटेक्टिक ग्रेडमध्ये सरासरी थोडी जास्त पण स्थिर असलेली मी एक वेळ चालवून घेईन, सरासरी कमी पण सतत वरखाली होणारी नाही.

पायरी ६: मोल्डमधली स्लॅग पोत्यातली राहिलेली नाही, ती तपासा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून बोलतो. पावडर वितळली की ती पोलादाशी आणि त्यातून वर येणाऱ्या अशुद्धीशी देवाणघेवाण करू लागते. नेहमीच्या ॲल्युमिनियम-किल्ड (ॲल्युमिनियम घालून ऑक्सिजन काढलेल्या) पोलादात स्लॅग तरंगून आलेला ॲल्युमिना गिळते, आणि तिच्यातला ॲल्युमिना काही टक्क्यांनी वाढतो. पावडर बनवणारा हे धरूनच चालतो.

पोलादात ॲल्युमिनियम एक टक्का किंवा जास्त असेल तर गोष्ट वेगळी. पोलादातले ॲल्युमिनियम स्लॅगमधल्या सिलिकाचा ऑक्सिजन हिरावून घेते, स्वतः ॲल्युमिना होऊन स्लॅगमध्ये बसते आणि सिलिकॉन पोलादात जातो. वजनाच्या हिशेबात दर १ किलो ॲल्युमिना आला की ०.८८ किलो सिलिका जाते. १०० किलो स्लॅग घ्या: चुना ३६, सिलिका ३२, ॲल्युमिना ४. बेसिसिटी १.१२. तिने १५ किलो ॲल्युमिना उचलला तर सिलिका १८.७ वर येते, ॲल्युमिना १९ वर जातो आणि बेसिसिटी १.९ होते. पोत्यावर काचेकडे झुकणारी दिसणारी स्लॅग मोल्डमध्ये अर्ध्या तासात भलतीच होऊन बसते. कस्पिडाइनच्या जागी गेहलेनाइटसारखे उंच तापमानाला धरणारे स्फटिक येतात, कडेला गोठलेल्या स्लॅगची जाड रिम जमते, झिरपण अडखळते आणि उष्णताप्रवाह झोके खाऊ लागतो. अशा ग्रेडसाठी पावडर निवडताना सुरुवातीची रचना बघून उपयोग नाही, बदलल्यानंतरची बघायला हवी. सिलिका आधीच कमी ठेवून चुना आणि ॲल्युमिना यांच्यावर बेतलेल्या पावडरी याचसाठी निघाल्या. त्यांच्यात ॲल्युमिनियमने ऑक्सिजन हिरावून घ्यावा अशी सिलिकाच फारशी उरत नाही. टायटॅनियम असलेल्या स्टेनलेसमध्येही असाच घोळ होतो, तिथे पेरोव्हस्काइटचे स्फटिक त्रास देतात.

तपासायचे कसे? हीटच्या मध्यावर आणि शेवटी, स्वच्छ पोलादी चमच्याने द्रव तळ्यातला नमुना घ्या. सब्मर्ज्ड नॉझल (पोलादात बुडालेली ओतण्याची नळी) आणि अरुंद बाजू यांच्या मधोमध, दर वेळी त्याच जागी. नमुना विश्लेषणाला द्या आणि पायरी २ चा भागाकार पुन्हा करा. पावडर आणि स्लॅग यांच्या दोन ओळी एकाखाली एक मांडल्या की बरेच वाद तिथेच मिटतात.

त्याच वेळी तळ्याची खोली मोजा. पोलाद आणि तांबे यांच्या दोन तारा एका पट्टीवर शेजारी शेजारी बांधा, सरळ खाली बुडवा, दोन-तीन सेकंद धरा आणि काढा. तांब्याची तार स्लॅग वितळलेल्या पातळीपर्यंत वितळते, पोलादाची पोलादाच्या पातळीपर्यंत. दोन टोकांतले अंतर म्हणजे द्रव स्लॅगची खोली. ८ ते १५ मिलिमीटर असेल तर निश्चिंत राहा. त्याहून बरीच कमी असेल तर रचनेवर चर्चा थांबवा, आधी वितळण्याचा वेग सुधारा.

खपाचाही हिशेब लगेच करून टाका. १५०० × २२० मिलिमीटरचा स्लॅब १.२ मीटर वेगाने मिनिटाला सुमारे ३.१ टन पोलाद आणि ४.१ चौरस मीटर पृष्ठभाग देतो. पावडरचा खप टनाला ०.४५ किलो असेल तर मिनिटाला १.४ किलो, म्हणजे चौरस मीटरला ०.३४ किलो पावडर. कार्बन आणि वायू वजा जाता ०.३ किलो स्लॅग धरू. ती सारखी पसरली तर जाडी ०.१ मिलिमीटरच्या जरा वर येते. पडदा मिलिमीटरभर जाड आणि खाली वाहून जाते ती एवढीच, याचा अर्थ घन थर बहुतेक जागच्या जागी चिकटून असतो. हे पायरी ८ साठी लक्षात ठेवा.

पायरी ७: लक्षणांवरून निदान

उष्णताप्रवाह जास्त, थर्मोकपलची थरथर जास्त आणि उभ्या भेगा, हे तिन्ही पेरिटेक्टिक ग्रेडमध्ये एकत्र दिसले तर स्लॅग पुरेशी स्फटिकी होत नाही. बेसिसिटी किंवा ब्रेक तापमान वर न्यायचे, दोन्ही एकदम नाही.

उष्णताप्रवाह कमी, घर्षण वाढलेले आणि स्टिकरच्या (शेल तांब्याला चिकटल्याच्या) सूचना येत असतील तर उलट दिशा. द्रव थर पातळ पडला आहे. ब्रेक तापमान खाली आणा. स्टिकरची खूण अशी: वरच्या थर्मोकपलचे तापमान चढते आणि उतरते, आणि तोच उंचवटा थोड्या वेळाने खालच्या थर्मोकपलवर सरकतो. अशा वेळी पावडरची चर्चा नंतर करायची, आधी वेग कमी करायचा.

हीट सुरू होताना सगळे ठीक आणि प्रवाह हळूहळू बदलत गेला, तर रचना बदलते आहे. पायरी ६ चा नमुना बोलेल. फक्त एका कोपऱ्यात किंवा एकाच बाजूला गडबड असेल तर स्लॅगला सहसा दोष देऊ नये. नॉझल वाकडी बसली आहे का, पाण्याच्या खाचांत क्षार साठले आहेत का, टेपर चुकला आहे का, मोल्डमधल्या पोलादाची लेव्हल नाचते आहे का, हे बघा. स्लॅग सगळीकडे एकच असते, ती एका बाजूलाच वाईट होत नाही. आणि ओलसर पावडरीने कित्येक चांगल्या रचनांना बदनाम केले आहे. फुटलेले पोते बाजूला काढा, वापरू नका.

पायरी ८: बदल करताना

एका वेळी एकच गुण बदला. दोन स्ट्रँड (एकाच टंडिशमधून भरणारे शेजारी शेजारी मोल्ड) असतील तर एकावर नवी आणि एकावर जुनी पावडर टाका. एकच टंडिश, एकच पोलाद आणि एकच सुपरहीट (गोठणबिंदूपेक्षा पोलाद किती जास्त गरम ते) असल्याने याहून चांगली तुलना मिळत नाही. वेग आधीच ठरवा आणि पूर्ण चाचणीभर तोच ठेवा.

चालू कास्टिंगमध्ये पावडर बदलली तर पहिल्या काही मिनिटांचे आकडे मनावर घेऊ नका. तांब्याला चिकटलेला जुना घन थर लगेच सुटत नाही. द्रव तळ्यात दोन्हींची भेसळ असते, आणि पडदा जुन्याचा तर वंगण नव्याचे अशी अवस्था बराच वेळ राहते. मी पहिली हीट सरळ बाजूला ठेवतो आणि दुसरीपासून मोजतो. शक्य असेल तर नवी पावडर नव्या सिक्वेन्सच्या (न थांबता एकापाठोपाठ ओतलेल्या हीटच्या मालिकेच्या) सुरुवातीपासूनच टाकावी.

थांबायचे कधी, हे सुरू करण्याआधी कागदावर लिहून शिफ्टला द्या: स्टिकरच्या किती सूचनांनंतर जुनी पावडर परत, तळे किती मिलिमीटरखाली गेले की परत, रिम किती जाड झाली की परत. चाचणी चालू असताना हे ठरवायला बसले की प्रत्येक जण ‘अजून एक हीट बघू’ म्हणतो.

सिक्वेन्स संपून मोल्ड रिकामा होताना तांब्याला चिकटलेले पडद्याचे तुकडे गळून पडतात. ते गोळा करा. कोणत्या बाजूचे, मेनिस्कसपासून किती खालचे, कोणत्या हीटचे हे पाकिटावर लिहा. जाडी मापून घ्या, मोडून छेद बघा, तांब्याकडची बाजू बोटाने चाचपा. गुळगुळीत आणि चकचकीत लागली तर उष्णता सहज जात होती. पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली तर तोच तो स्पर्शाचा रोध, ज्याचा हिशेब आपण सुरुवातीला केला.